हिरव्या काठीचा वाटा

एका राज्यात घोडे नव्हते. देवाने सगळ्या राज्यांना घोडे वाटले तेव्हा या राज्याचा दूत उशिरा पोचला, असे म्हातारेकोतारे सांगत. आणि त्या दिवसापासून या राज्याचा माणूस कुठे उशिरा पोचला नाही, असेही सांगत. घोडे नाहीत म्हटल्यावर सगळा कारभार माणसांच्या पायांवर चाले. ज्या पोराच्या पायाला जन्मतः भिंगरी, त्याच्या आईला तिथे कोणी नावे ठेवत नसे. "याला लावायचा कुठे?" एवढाच प्रश्न, आणि त्याला उत्तरे तीन. दम लांब असेल तर मशालजी व्हावे, पालखीपुढे मशाल घेऊन धावावे. कान तिखट असतील तर हाकारा व्हावे, रानाच्या कडेने रांगेत धावून पिकांवर येणारी श्वापदे मागे हाकलावी. आणि दम, कान असून वर शहाणपणही असेल तर जासूद व्हावे, घुंगरांची काठी घेऊन एका चौकीवरून दुसऱ्या चौकीला निरोप पोचवावा. प्रत्येक जासुदाचा दोन चौक्यांमधला रस्ता ठरलेला असे. त्याला त्याचा वाटा म्हणत.

जासुदांची रीत मोठी कडक होती. काठी उभ्याने द्यायची नाही, उभ्याने घ्यायची नाही. घेणाऱ्याने तोंड पुढे करून, हात मागे पसरून पाय उचलायचे. वळून बघायचे नाही. देणाऱ्याने मागून येत "घे वाटा" म्हणायचे. "दे वाटा" असे उत्तर आले की तळहातावर काठी टेकवायची आणि थांबायचे. आणखी एक होते. घेणाऱ्याने निघण्याआधी चौकीवर तांब्याभर पाणी भरून ठेवायचे. देणारा धापा टाकत थांबेल तेव्हा त्याला पाणी द्यायला आपण तिथे नसतो, म्हणून.

त्या राज्याचा राजा कीर्तिध्वज. एकदा त्याच्या दरबारी शुष्कांग नावाचा मांत्रिक आला. तो म्हणाला, "माझे वेताळ समुद्राची बातमी सूर्य मावळायच्या आत आणतात." राजा म्हणाला, "माझे जासूद ती दुपारी आणतात." दरबार हसला. मांत्रिकापुढे हसू नये, हे प्रत्येक राज्याला एकदा शिकावेच लागते. शुष्कांगाने चिमूटभर धूळ घेतली आणि राजाच्या पायांवर फुंकली.

"ज्या पायांचा तुला तोरा, ते पाय दगडाचे होतील," तो म्हणाला. "दगड सावकाश वर चढेल. तुझे डोळे झाकले त्या दिवशी तुझ्या राज्यातला प्रत्येक जीव दगड होईल."

राजाची बोटे तिथल्या तिथे दगडाची झाली. राणी मेघावतीने सर्व वैद्य केले, सर्व दैवते केली. शेवटी उत्तरेच्या डोंगरावरच्या तपस्व्याने आपल्या दारातल्या झाडाची एक काठी कापून दिली. "धावत्या हातात ही हिरवी राहील, थांबलेल्या हातात वाळेल," तो म्हणाला. "राजाच्या पायाला लागली की दगड सुटेल. तुमच्या जासुदांनी तुमच्या रीतीने न्यावी. ज्याचा जेवढा वाटा, तेवढाच त्याने धावावा." शुष्कांग धूळ होऊन उंबऱ्यावर पडला होता, त्याने हे ऐकले. त्याने त्याच शब्दांना आपला मंत्र बांधला: जो दुसऱ्याचा वाटा धावेल, त्याचा रस्ता कधी संपणार नाही.

जासुदांनी काठीला घुंगरे बांधली आणि ती निघाली. हातोहात डोंगर उतरली, नद्या ओलांडून आली आणि हैबती जासुदाच्या हाती पडली. हैबतीसारखा धावणारा त्या राज्यात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट सर्वांत आधी हैबतीला ठाऊक होती. त्याचा वाटा कवठाच्या चौकीला संपे. तिथे पुढच्या वाट्यासाठी त्याची बायको सगुणा हात मागे पसरून उभी होती. तिला नुकते दिवस गेले होते, पण पाय हरणाचे होते. तिने घुंगरांचा आवाज ऐकला, पाऊल उचलले, कान "घे वाटा"कडे लावले. घुंगरे जवळ आली, तिच्या बाजूने गेली आणि पुढे निघून गेली. तिचा हात रिकामाच राहिला.

हैबतीच्या पायांखालचा रस्ता तिथेच वळला आणि डोंगराभोवती वेटोळे घालून बसला. त्या दिवसापासून हैबती त्या वेटोळ्यात धावत राहिला. तो कोणाला दिसत नसे. सूर्य डोक्यावर आला की धुळीचा लोट कवठाच्या झाडाजवळून जाई, आत घुंगरे वाजत, आणि लोट पुढे जाई. काठी मिळवायला दोन राजपुत्र दोरखंड घेऊन आले होते. ते रस्त्याच्या कडेला दगड होऊन उभे राहिले. गावकरी त्यांना गुरे बांधू लागले.

सगुणाला मुलगी झाली. तिचे नाव तेरणा. आणि देवाची करणी अशी, की पोरीने बापाचे पाय घेतले. रांगायच्या वयात ती धावली. शेळीमागे धावली, पाखरांमागे धावली, कोणी नसले तर स्वतःच्या सावलीमागे धावली. सगुणा तिला धरून आणी आणि जात्याशी बसवी.

"धावून पोट भरत नाही," सगुणा म्हणे.

"आई, आपल्या राज्यात भरतं की," तेरणा म्हणे. "तीन धंदे आहेत."

"आपल्या घरात एकही नाही."

सगुणाने जासुदाचा पट्टा कधीच उतरवून ठेवला होता. दुपारी घुंगरे वाजू लागली की ती झोपडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसे. पण एक काम ती चुकवत नसे. रोज सकाळी कवठाखालच्या कट्ट्यावर ती तांब्याभर पाणी ठेवी. त्याला तेरणाने हात लावलेला चालत नसे, वाटसरूने लावलेला चालत नसे. संध्याकाळी ती ते पाणी कवठाच्या मुळाशी ओती. कवठ एवढे फोफावले की चौकी त्याच्या सावलीत बुडून गेली. 

अशी वर्षे गेली. तेरणा वाढली, आणि राजाचा दगडही वाढला. गुडघे गेले, कंबर गेली, छाती गेली. एके सकाळी दवंडी आली: दगड राजाच्या गळ्याशी पोचला. ज्याच्या पायांत धाव असेल त्याने राणीला भेटावे.

 तेरणाला राजाची कीव आली, पण तिचा जीव तुटला तो बापासाठी. सगळे दगड झाले तर बापाची घुंगरे ऐकायलासुद्धा कोणी उरणार नव्हते. ती चौकीच्या ओट्यावर बसून राहिली. तिथे माळावर एक टिटवी राहत असे. टिटवीला लोक अपशकुनी म्हणत, टिटवी लोकांना आळशी म्हणे. ती तुरुतुरु धावत आली आणि एका पायावर उभी राहिली.

"रडून झालं असेल तर ऐक," टिटवी म्हणाली. "तुझा बाप दगड नाही, जिवंत आहे. त्याच्या लेखी ती सकाळ अजून सरली नाही. चौकी यायची आहे, असंच त्याला वाटतं. कोणीतरी शेजारी धावून त्याला सांगायला हवं, की चौकी आली."

"मी सांगते."

"त्या धुळीत शिरायला तीन धंद्यांची धाव लागते. आत अंधार आहे, म्हणून मशालजीची. आत आवाज आहेत, म्हणून हाकाऱ्याची. आणि तिसरी जासुदाची. ती मात्र शिकवायला या पंचक्रोशीत एकच बाई आहे, आणि ती भिंतीकडे तोंड करून बसते."

तेरणा त्याच पावली राजधानीला निघाली. आईला सांगितले असते तर पाय निघाला नसता.

राणी मेघावती राजाच्या उशाशी बसली होती. राजाचे फक्त तोंड उरले होते. तेरणाने मुजरा केला.

"काय मागतेस?" राणीने विचारले.

"काम," तेरणा म्हणाली. "आज मशालजीचं, उद्या हाकाऱ्याचं."

राणीने तिला न्याहाळले आणि मान डोलावली. त्याच सांजेला राणीची पालखी डोंगरावरच्या देवीला निघाली. वाटेत वारखिंड लागते. तिथे शुष्कांगाने बांधलेला वारा राहतो; तो मशाल विझवतो, भोयांना रस्ता दिसत नाही आणि पालखी दरीत जाते. जुने मशालजी खिंडीच्या अलीकडेच थांबले. तेरणा मशाल घेऊन पुढे झाली. वारा आला. ती जोरात धावली तशी ज्योत आडवी झाली. घाबरून हळू झाली तशी ज्योत गुदमरली. मागे भोयांचा हुंकार, पालखीत राज्याची राणी, उजवीकडे दरी.  मग तेरणाने ज्योतीकडे बघणे सोडले आणि श्वास मोजायला घेतला. श्वासाला पाऊल बांधले, पावलाला हात बांधला. अंग असे एका चालीत आले की हातातल्या ज्योतीला आपण धावतो आहोत हे कळेनासे झाले. वाऱ्याने चारी बाजूंनी डोके आपटले. खिंड सरली तेव्हा मशाल तेवत होती. राणीने ती मशाल तिला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी ती हाकाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. शुष्कांगाने बनातल्या कळकांचे, म्हणजे बांबूंचे, लोखंडी शिंगांचे गवे करून सोडले होते, आणि ते पिकांकडे येत होते. हाकाऱ्यांचा नायक म्हणाला, "पोरी, इथे एकच नियम. रांगेच्या पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. पुढे गेलीस तर गवा तुझ्यावर येतो, मागे राहिलीस तर फटीतून निसटतो. आणि बन हाका मारतं. ओ द्यायची नाही."

रांग धावू लागली. शिंगे कळकांवर घासत होती, ठिणग्या उडत होत्या. तेरणाचे पाय सुटायला बघत होते. जन्मात तिने कोणाच्या बरोबरीने धाव घेतली नव्हती, नेहमी पुढेच. तिने दात आवळून पाय आवरले. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "तेरणा, पडले गं." तिची मान वळत होती. शेजारच्या हाकाऱ्याच्या पावलांकडे तिने कान लावला, आणि त्या पावलांना धरून राहिली. पलीकडचा एक जण वळला होता. त्याच्या फटीतून एक गवा शिंगे खाली घालून निघाला. नायकाने आणि तेरणाने रांग न तोडता ती फट भरून काढली. गवे उलटले आणि बनात शिरून पुन्हा कळक झाले.

राणीने तिला बोलावले. राजाचा दगड हनुवटीला लागला होता.

"दोन कामं केलीस. माग."

"चिंचेच्या चौकीचा वाटा द्या, राणीसाहेब. तिथून राजवाड्यापर्यंतचा. तिथला जासूद वाट बघून बघून मेला. तो वाटा कोणाचाच नाही."

"दिला," राणी म्हणाली. "उद्या मी गच्चीवर निशाण लावीन. दगड ओठांवर आला की पिवळं, नाकावर आला की तांबडं. त्यापुढे निशाण लावायला मी नसेन."

तेरणा घरी आली. सगुणा दारात उभी होती. ती रागावली नाही, हे पाहून तेरणाला जास्त भीती वाटली.

"टिटवीनं सांगितलं मला," सगुणा म्हणाली. "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"आई, काठी घ्यायला शिकव."

"तू घेऊन उपयोग नाही. कवठापासून चिंचेपर्यंतचा वाटा माझा आहे. ज्याचा वाटा चुकवला त्याच्याच हाती काठी पडली पाहिजे."

"मग तू घे."

सगुणाने लुगडे वर करून गुडघे दाखवले. इतकी वर्षे न धावलेले गुडघे सुजून कवठासारखे झाले होते. "आणि पाय असते तरी काय," ती म्हणाली. "मी हात मागे पसरून उभी होते, तेरणा. त्यानं मला विचारलं नाही. बाजूनं गेला. त्या हाताला मी पुन्हा मागे पसरायला सांगू कशी?"

 तेरणाचे लक्ष कट्ट्यावरच्या तांब्याकडे गेले.

"तांब्या तर रोज भरतेस," ती म्हणाली.

 सगुणा आत गेली आणि आढ्याला टांगलेला पट्टा काढून घेऊन आली. त्या संध्याकाळी तिने अंगणात लेकीला उभे केले. हात असा मागे, अंगठा बाहेर, तळवा वर. डोळे पुढे. कान मागे. तेरणा दर खेपेला वळून बघे, आणि सगुणा दर खेपेला तिच्या पाठीत धपाटा घाली.

"बघितलंस की देणाऱ्याची चाल मोडते," सगुणा म्हणाली. "येईल म्हणून उभं राहायचं. बघायचं नाही."

सकाळी तेरणाने मशाल पेटवली आणि डोंगराच्या मागल्या अंगाला जाऊन थांबली. लोट आला. ती त्याच्या आधी धावू लागली, त्याच्या वेगाला वेग मिळवला आणि आत शिरली.

आत काळोख होता. धूळ नाकातोंडात जात होती आणि तिला माणसाचा आवाज होता. "शाब्बास, हैबती," धूळ म्हणत होती. "तुझ्यासारखा कोणी नाही. अजून जोरात." तेरणाने श्वासाला पाऊल बांधले आणि मशाल वर धरली. ज्योत स्थिर झाली. शेजारी एक उंच माणूस धावत होता. दाढी कमरेपर्यंत पांढरी, नखे वाढून वळलेली, आणि मुठीत एक कोवळी हिरवी काठी. तेरणाने आयुष्यात पहिल्यांदा बाप पाहिला, आणि रडण्याइतका दम तिच्याकडे नव्हता.

"कोण तू?" हैबतीने विचारले. "माझ्या बरोबरीने कोणी येत नसतं."

असे म्हणून त्याने वेग वाढवला. तेरणाच्या पायांनाही चेव आला; त्याला मागे टाकावे असे तिच्या रक्तातच होते. पण पुढे गेली असती तर तो शर्यतीला लागला असता आणि मग त्याने कोणाचेच ऐकले नसते. ती रांगेत राहिली. खांद्याला खांदा लावून धावली.

"आबा, चौकी जवळ आली," ती म्हणाली.

"ऐकू नकोस," धूळ म्हणाली. "ही तुझी काठी न्यायला आली आहे."

"कवठाच्या चौकीला माझी सगुणा आहे," हैबती म्हणाला. "तिला दिवस गेलेत. तिला कशाला शिणवू? पुढचाही वाटा मीच धावतो."

"तिला विचारलंत?"

 घुंगरे वाजत राहिली. तेरणाने मशाल खाली आणली, त्याच्या दाढीवर उजेड पडला, हातावरच्या सुरकुत्यांवर पडला. त्याने आपला हात पाहिला. मग उजेडात तिचे तोंड पाहिले, आणि त्याला त्यात सगुणाचे नाक दिसले.

"तू," तो म्हणाला. "तू तेव्हा पोटात होतीस."

"हो."

तो तसाच धावत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होते. "खरं सांगू?" तो म्हणाला. "ते काही तिच्यासाठी नव्हतं. मला थांबवेना, एवढंच."

"आज थांबा," तेरणा म्हणाली.

"वळू नकोस, थांबू नकोस," धूळ ओरडू लागली. "थांबलास की तू कोण? एक म्हातारा." हैबतीचे पाय पुन्हा उसळले. सूर्य डोक्यावर आला. तेरणाने घसा फाडून हाकाऱ्याची आरोळी दिली, "चौकी आली." त्या आरोळीने धूळ क्षणभर फाटली, आणि हैबतीला कवठाचे झाड दिसले. झाडापुढे एक पिकल्या केसांची बाई पाठमोरी होती. गुडघे थरथरत होते. तिने पाऊल उचलले होते. हात मागे पसरला होता.

 चौकी पायांखालून सरकू लागली.

"घे वाटा," तो म्हणाला.

"दे वाटा," सगुणा म्हणाली. तिचा आवाज करडा होता.

काठी तळहातावर टेकली. सगुणा पुढे गेली. आणि हैबती थांबला. तो कवठाखाली बसला, आणि डोंगराभोवतीचे वेटोळे सुटून रस्ता पूर्वीसारखा सरळ झाला.

पण शुष्कांग मेला नव्हता. तो धुळीसकट राजधानीकडे वळला, आणि दगड झरझर वर चढू लागला. तेरणाला बापापाशी थांबता आले नाही. ती आईच्या पुढे निघून चिंचेच्या चौकीवर पोचली, तिथला तांब्या भरला, आणि तोंड राजधानीकडे करून उभी राहिली. दूर गच्चीवर पिवळे निशाण होते.

आता तिला एकच काम होते, आणि ते तिला आयुष्यात कधी जमले नव्हते. थांबणे. मागून घुंगरांचा आवाज आला. एक पाऊल जड, एक पाऊल हलके, मध्ये लांब खंड. घुंगरे थांबतात की काय असे वाटे, आणि मग पुन्हा एक वाजे. तेरणाला वाटले, मागे जावे, आईच्या हातून काठी घ्यावी, उरलेला तुकडा आपण धावून काढावा. त्यात वाईट काय? आई दुखते आहे. आपण ताज्या आहोत. राजधानी डोळ्यांसमोर आहे.

"जा की," पायांशी धूळ म्हणाली. तिचा आवाज मायाळू होता. "तू चांगली मुलगी आहेस. तिला कशाला शिणवतेस?"

हेच शब्द तिने सकाळी बापाच्या तोंडून ऐकले होते.  तेरणाने पाय रोवले. गच्चीवरचे पिवळे निशाण उतरले आणि तांबडे चढले. चौकीवरच्या बायाबापड्यांचे पाय जमिनीला चिकटू लागले. तेरणाच्या टाचा थंड पडल्या, मग जड झाल्या. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. घुंगरे एकदम खळखळली आणि गप्प झाली.

तेरणाने मागे बघितले नाही. हात मागे पसरून ती उभी राहिली, आणि आई येईल असे तिने मनाशी धरले. एक घुंगरू वाजले. मग दुसरे. टाचांचा दगड घोट्यांवर आला होता; तो ओढत तिने पहिले पाऊल उचलले, दुसरे उचलले.

"घे वाटा," अगदी कानाशी आवाज आला.

"दे वाटा."

काठी हातात आली. ती हिरवी होती, ओली होती, आणि सगुणाच्या मुठीने गरम झाली होती. तेरणाच्या घोट्यांचा दगड खळकन गळून पडला. मग ती जी धावली, तिला बघणाऱ्यांनी नंतर मुलांना सांगितले आणि मुलांनी नातवंडांना. वेस गेली, बाजार गेला, दगड होत आलेले पहारेकरी गेले. राजाच्या पापण्यांवर दगडाची कड चढली होती. तेरणाने धावता धावताच काठी राजाच्या पायाच्या अंगठ्याला लावली.

दगडाला पालवी फुटली. अंगठ्यातून फुटली, घोट्यावरून चढली, छातीवर हिरवी झाली आणि गळून पडली. खाली जिवंत माणूस होता. शुष्कांगाची विद्या थांबू न शकणाऱ्या पायांवर उभी होती. त्या दिवशी बाप, आई आणि लेक, तिघेही आपापल्या चौकीला थांबले, आणि ती विद्या बसली. मांत्रिक साधी धूळ होऊन रस्त्याभर पसरला. बायकांनी त्याच्यावर सडा घातला.

राजाने डोळे उघडले. "कोण आलं?"

"जासूद," राणी म्हणाली.

"उशीर झाला का?"

"नाही महाराज," तेरणा म्हणाली. "वाटे तीन होते."

राजाने तिला तिन्ही धंद्यांतले मानाचे काम देऊ केले, पालखी देऊ केली. तेरणाने पालखी नाकारली, चिंचेची चौकी मागून घेतली, आणि रोज आपला वाटा तेवढाच धावली. पायाला भिंगरी असलेली पोरे तिच्याकडे येत. ती त्यांना पहिले काही दिवस नुसते उभे राहायला शिकवी, म्हणून पोरे कुरकुरत. राजाचे राज्य राजाला लाभले, रस्ते रस्त्यांच्या जागी आले, आणि दगडाचे राजपुत्र माणसे होऊन घरी गेले. गुरे बांधायला गावकऱ्यांना नवे खुंट ठोकावे लागले.

पण ते सगळे पुढचे. त्या दिवशी ऊन उतरल्यावर सगुणा लेकीच्या खांद्यावर भार टाकून कवठाच्या चौकीला परत आली. हैबती झाडाखाली तसाच बसून होता. त्याचे ओठ धुळीने फुटले होते. तांब्या हाताच्या अंतरावर होता, पण त्याने त्याला हात लावला नव्हता.

"सगुणा," तो म्हणाला. "मी तुला..."

"आधी पाणी पी," सगुणा म्हणाली. "तुझंच आहे ते."

त्याने दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. सगुणा शेजारी टेकली आणि आपले गुडघे चोळत बसली. त्या संध्याकाळी कवठाच्या मुळाला पाणी मिळाले नाही.